मस्टरवर नाव नाही, पण बाई युद्धावर होती

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचं टपाल मार्गी लावणाऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या बटालियनवरचा एक चित्रपट २०२४च्या डिसेंबरात ओटीटीवर आला. तो पाहिल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं सगळं घडलं होतं, तर आजवर कानावर कसं आलं नाही? पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या हवाई दलाने नव्या भरतीला दाखवायचे काही व्हिडिओ प्रशिक्षणातून काढून टाकले. महायुद्धात लष्करी विमानं उडवणाऱ्या स्त्रियांवरचा व्हिडिओ त्यात होता. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत तो परत आला.

एकीकडे शोधणं चालू आहे, दुसरीकडे पुसणं. या दोन्हींच्या मधे काही माणसं वर्षानुवर्षं चिकाटीने काम करत असतात. अमेरिकी विद्यापीठांत पत्रकारिता किंवा चित्रपटकला शिकवणाऱ्या प्राध्यापक, आणि सुट्ट्यांमध्ये, मिळेल त्या अनुदानावर माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शिका. वर्ग एका हातात, कॅमेरा दुसऱ्या. त्यांच्यातल्या काहींनी सैन्यातल्या स्त्रिया हाच विषय धरून ठेवला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय? माजी सैनिक बाईला गाठायचं, कॅमेरा लावायचा, बोलतं करायचं. पण खरी अडचण कॅमेऱ्याच्या बरीच आधी सुरू होते. ती कागदात आहे.

अल्बममध्ये नसलेली आत्या

घरातल्या जुन्या लग्नाचा अल्बम आठवून पाहा. ज्या आत्याने दिवसभर कॅमेरा धरला, ती एकाही फोटोत नसते. पन्नास वर्षांनी नातवंडं अल्बम चाळतात आणि सहज बोलून जातात, "आत्या आली नव्हती वाटतं." कुणी खोटं बोललेलं नसतं. फक्त पुरावा ज्या पद्धतीने तयार झाला, त्या पद्धतीत तिला जागाच नव्हती.

त्या टपाल बटालियनचं तसंच झालं. तिचं नाव ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन. ८५५ स्त्रिया, बहुतेक सगळ्या कृष्णवर्णीय, प्रमुख मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स. १९४५च्या फेब्रुवारीत त्या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोचल्या, तेव्हा तिथली गोदामं युरोपभरच्या अमेरिकी सैनिकांच्या न पोचलेल्या पत्रांनी आणि पार्सलांनी छतापर्यंत भरली होती. हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्या काळ्या केलेल्या, आत थंडी, आणि पार्सलांमधले केक कुरतडणारे उंदीर. काही पाकिटांवर पत्ता म्हणून फक्त टोपणनाव आणि 'अमेरिकी सैन्य'. रॉबर्ट स्मिथ या एका नावाचे साडेसात हजार सैनिक! या बायकांनी सुमारे ७० लाख कार्डांची नोंदपद्धत उभी केली, तीन पाळ्या लावल्या आणि एकेका पाळीत ६५ हजारांच्या आसपास टपाल मार्गी लावलं. सहा महिन्यांचं काम तीन महिन्यांत उरकलं. मग फ्रान्समध्ये रुआँला जाऊन पुन्हा तेच. तिथे जीपच्या अपघातात तिघी गेल्या. नॉर्मंडीच्या अमेरिकी लष्करी दफनभूमीत स्त्रियांच्या फक्त चार कबरी आहेत, त्यांतल्या तीन या तिघींच्या.

१९४६मध्ये बटालियन परतली आणि कसलाही समारंभ न होता विसर्जित झाली. काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, सुवर्णपदक द्यायचा कायदा झाला २०२२मध्ये. २०२३मध्ये व्हर्जिनियातल्या एका लष्करी तळाला अ‍ॅडम्स यांचं नाव जोडलं गेलं. २०२५मध्ये ते उतरवून तळाचं जुनं नाव परत लावलं. म्हणायला ते जुनं नाव आता त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका सैनिकाच्या मानार्थ आहे, पण पाटीवरून अ‍ॅडम्स गेल्या त्या गेल्याच.

मस्टर कुणाचं, काम कुणाचं

कुठल्याही कचेरीत मस्टर असतं. ज्याचं नाव मस्टरवर, त्याला पगार, रजा, पेन्शन. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा माणूस 'बाहेरून घेतलेला' असेल तर दहा वर्षांनी त्याने तिथे काम केल्याचं सिद्ध करणं कर्मकठीण. अमेरिकी सैन्यातल्या स्त्रियांच्या इतिहासातला निम्मा घोळ या एका गोष्टीत आहे. काम सैनिकाचं, नोंद वेगळीच.

सर्वांत ठसठशीत उदाहरण महायुद्धातल्या त्या वैमानिक स्त्रियांचं. त्यांच्या दलाचं लघुनाव वॉस्प. २५ हजारांहून जास्त जणींनी अर्ज केले, १,०७४ जणी टेक्सासमधल्या स्वीटवॉटरसारख्या तळांवर शिकून बाहेर पडल्या. कारखान्यातून नवी विमानं तळांवर नेणं, दुरुस्त झालेल्या विमानांची चाचणी, आणि तोफखान्याच्या सरावासाठी विमानामागे कापडी निशाण ओढत नेणं, ही त्यांची कामं. त्या निशाणावर खालून खऱ्या गोळ्या झाडल्या जात. ३८ जणींचा जीव गेला. पण कागदावर त्या होत्या नागरी कर्मचारी. त्यामुळे शवपेटीवर झेंडा नाही, आणि देह घरी न्यायचा खर्चही घरच्यांनी नाहीतर सोबतिणींनी वर्गणी काढून केलेला. डिसेंबर १९४४मध्ये दल मोडलं, कागदपत्रं गोपनीय म्हणून बंद झाली. १९७६मध्ये हवाई दलाने स्त्रियांना वैमानिक म्हणून घेताना 'पहिल्यांदाच' असा डंका पिटला, तेव्हा साठीकडे झुकलेल्या वॉस्प भडकल्या. पुढच्या वर्षी, १९७७मध्ये, त्यांना माजी सैनिकाचा दर्जा देणारा कायदा झाला.

एवढ्यावर संपलं असं वाटेल. नाही. इलेन हार्मन या वॉस्प वैमानिक २०१५मध्ये वारल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत विसावायची त्यांची इच्छा होती, पण लष्कराने त्याच सुमारास नियमाचा अर्थ बदलून वॉस्पना तिथली दारं बंद केली होती. घरच्यांनी अस्थिकलश कपाटात ठेवला आणि खासदारांचे उंबरे झिजवले. २०१६च्या मे महिन्यात नवा कायदा झाला, सप्टेंबरात कलश आर्लिंग्टनला गेला.

माहितीपट करणाऱ्या बाईला अशा ठिकाणी काय दिसतं? मला विचाराल तर ते कपाट. सत्तर वर्षांचा धोरणातला घोळ समजावायला निवेदकाला पाच मिनिटं लागतील. कोट, टोप्या आणि त्यांच्यामधे एक कलश, हे दृश्य तेच दहा सेकंदांत सांगतं.

'नेमणूक' आणि 'अटॅच'

ही सगळी जुनी प्रकरणं, आता काय त्याचं, असं म्हणायला जागा नाही. अलीकडचा घोळ आणखी बारीक आहे आणि तो दोन शब्दांवर उभा आहे.

१९९४च्या धोरणानुसार, प्रत्यक्ष जमिनीवरची लढाई हेच ज्यांचं मुख्य काम, अशा ब्रिगेडखालच्या तुकड्यांत स्त्रीची नेमणूक करायला मनाई होती. मग इराकमध्ये अडचण आली. घरांची झडती घेताना तिथल्या बायकांना परक्या पुरुषाने हात लावणं म्हणजे आगीत तेल. झडतीला स्त्री सैनिक हव्यात, पण नेमता तर येत नाही. तोडगा निघाला की नेमायचं नाही, तात्पुरतं जोडून द्यायचं. आपल्याकडे कचेरीत म्हणतात ना, 'सध्या तिकडे अटॅच केलंय', तसं. मूळ काम गाड्यांची दुरुस्ती, रसद, स्वयंपाक. अशा स्त्रिया पायदळाबरोबर गस्तीवर गेल्या, त्यांना 'लायनेस' तुकड्या म्हणत. गस्तीवर गोळीबार व्हायचा आणि नियम वाचून गोळी थांबत नाही, त्यामुळे त्याही लढल्या.

घरी परतल्यावर खरा पेच. माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या मानसिक त्रासासाठी, भत्ता मागायचा तर तो आघात झाल्याचा पुरावा लागे. सेवेच्या कागदावर लिहिलेलं 'मेकॅनिक'. मेकॅनिक बाईवर कुठे गोळीबार होतो? २०१०च्या जुलैमध्ये खात्याने नियम सैल केला. शत्रूच्या हल्ल्याची भीती होती हे सैनिकाचं स्वतःचं म्हणणं, परिस्थितीशी जुळत असेल आणि खात्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने दुजोरा दिला तर, पुरेसं मानलं जाऊ लागलं. लढाऊ पदांवरची बंदी उठवल्याची घोषणा २०१३मध्ये झाली, आणि २०१५च्या अखेरीस सगळी पदं स्त्रियांना खुली केल्याचं जाहीर झालं. तोवर इराक-अफगाणिस्तानात दीडशेवर अमेरिकी स्त्री सैनिक मेल्या होत्या. ली अ‍ॅन हेस्टर या लष्करी पोलीस दलातल्या सार्जंटला २००५च्या चकमकीसाठी सिल्व्हर स्टार हे शौर्यपदकही मिळालं होतं. कागदोपत्री मात्र स्त्रिया लढाईत नव्हत्या.

मग पुस्तक का नाही, चित्रपटच का?

पुस्तकंही आहेत आणि चांगली आहेत. पण मौखिक इतिहासात, म्हणजे घटना जगलेल्या माणसाच्या तोंडून नोंदवलेल्या इतिहासात, शब्दांइतकाच थांबण्यालाही अर्थ असतो. या पिढ्यांमधल्या बऱ्याच स्त्रिया मुलाखतीची सुरुवात एकाच वळणाने करतात: "तसं मी काही फार केलं नाही." छापील पानावर हा विनय वाटतो. पडद्यावर त्यानंतरची चार सेकंदं दिसतात, आणि त्या चार सेकंदांत विनयाखाली काय आहे ते कळतं.

ती चार सेकंदं मिळवायला काय करावं लागतं ते आता जरा जवळून. मुलाखत बहुधा बाईंच्या घरी, त्यांच्या रोजच्या खुर्चीत. पंखा बंद, फोन बंद, फ्रिजही बंद. कारण माणसाच्या कानाला न जाणवणारी फ्रिजची घरघर माइक इमानदारीने पकडतो. फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरून यजमानांचं दूध नासवायचं नसेल तर एक जुनी युक्ती आहे. स्वतःच्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो उघडल्याशिवाय निघताच येत नाही. बोलणं संपल्यावर सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. पुढे संकलनात वाक्यं कापली की मधल्या भेगा त्याने बुजवतात. कित्येकदा बाई खरं बोलायला लागते ती याच शांततेनंतर, माइक काढता काढता. म्हणून जाणती दिग्दर्शिका "झालं हं" असं लवकर म्हणत नाही.

प्रश्नही सरळ नसतात. "युद्धात कसं वाटलं?" या प्रश्नाला टीव्हीवर ऐकलेलं उत्तर येतं. "खिशात काय काय असायचं?" याला तिचं स्वतःचं.

फुकटचं चित्रण आणि त्याची किंमत

मुलाखतीवर चालणाऱ्या चित्रपटाला मधे दाखवायला दृश्यं लागतात. अमेरिकेत इथे मोठी सोय आहे. सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे लष्कराच्या छायाचित्रकारांनी टिपलेलं युद्धकाळातलं चित्रण राष्ट्रीय अभिलेखागारातून घेऊन कुणीही वापरू शकतं.

पण त्या कॅमेऱ्यामागे कोण होतं आणि त्याला काय टिपायला सांगितलं होतं? भरतीच्या प्रचारासाठी काढलेल्या फिल्म्समध्ये बायका रांगेत चालतात, गणवेश नीट करतात, आरशात पाहून हसतात. ग्रीसने माखलेले हात क्वचित, रात्रपाळीत टेबलावर डोकं टेकून झोपलेली बाई जवळपास नाहीच. म्हणजे जे चित्रण फुकट मिळतं तेच मूळ गोष्टीच्या विरुद्ध साक्ष देतं. दुसरा मोह आणखी वाईट. एका वैमानिकाच्या अपघाताची हकीकत चालू आहे आणि पडद्यावर भलत्याच वर्षीचं, भलतंच विमान. प्रेक्षकाला कळत नाही हे खरं. पण कागदाने बाईशी खोटेपणा केला अशी तक्रार करणाऱ्या चित्रपटाने हे करू नये, असं मला वाटतं.

प्राध्यापक असल्याने काय फरक पडतो?

वेळ मिळतो, हा पहिला फरक. वाहिनीच्या पत्रकाराला शुक्रवारपर्यंत बातमी द्यायची असते. पक्की नोकरी असलेली प्राध्यापक एका विषयावर सहा वर्षं बसू शकते. दुसरा फरक म्हणजे खातरजमेची सवय. माणसांवर संशोधन करायचं तर अमेरिकी विद्यापीठांत नैतिक परीक्षण समितीची परवानगी लागते. ही समिती औषधांच्या चाचण्यांवर लक्ष ठेवायला योग्य, पण ऐंशी वर्षांच्या आजींच्या आठवणींनाही तोच फॉर्म लावला की गंमत व्हायची. २०१९पासून लागू झालेल्या सुधारित नियमात पत्रकारिता आणि मौखिक इतिहास यांना 'संशोधना'च्या व्याख्येतून वगळलं आहे. फॉर्म गेला तरी जबाबदारी जात नाही, आणि चांगल्या प्राध्यापक ती विद्यार्थ्यांच्या गळी उतरवतात: संमती एकदा सही घेऊन संपत नाही. चित्रीकरणाआधी, नंतर आणि कच्चं संकलन दाखवताना पुन्हा विचारायचं.

आठवणींवर विश्वास कसा ठेवायचा?

हा आक्षेप रास्त आहे. माणूस विसरतो, दोन घटना एकत्र करतो, नंतर पाहिलेला सिनेमा स्वतःच्या आठवणीत मिसळतो. म्हणून कागद हवाच. पण कागदाचीही एक कथा आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसजवळच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. पुरुषांच्याही गेल्या, अर्थात. पण पुरुषासाठी साक्ष द्यायला रेजिमेंटचा छापील इतिहास होता, मेळावे होते, गावातला स्तंभ होता. बाईची फाइल जळली की बहुधा तिचा शब्द आणि ट्रंकेतली पत्रं, एवढंच उरतं.

मग आडवाटेने जायचं. तुकडीच्या रोजच्या हजेरी अहवालात नाव सापडतं का, पगाराच्या पावत्या आहेत का, त्या गावच्या वर्तमानपत्रात अपघाताची चार ओळींची बातमी आली होती का. हे जुळलं तर उत्तम. तारीख जुळत नसेल तर दोन्ही दाखवायच्या, बाईची आठवण आणि कागदावरची तारीख. प्रेक्षक मूर्ख नसतो.

सैनिक तो सैनिक, बायकांचं वेगळं कशाला?

वेगळं चित्रपटवाल्यांनी केलं नाही, नियमांनी केलं. १९४८मध्ये स्त्रियांना सैन्यात कायमची जागा देणारा कायदा झाला आणि त्याच कायद्यात त्यांची संख्या दोन टक्क्यांवर जाऊ नये अशी मेख मारली. ती १९६७पर्यंत होती. गरोदर राहिली की नोकरी संपली, हा नियम सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला.

शॅरन फ्राँटिएरो ही हवाई दलातली लेफ्टनंट. पुरुष अधिकाऱ्याची बायको आपोआप 'आश्रित' धरली जाई आणि त्याला घरभत्ता मिळे. फ्राँटिएरोला मात्र नवऱ्याचा निम्म्याहून जास्त खर्च आपण उचलतो हे सिद्ध करायला सांगितलं. ती कोर्टात गेली. १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यात रूथ बेडर गिन्सबर्ग या वकील त्या न्यायालयात पहिल्यांदा युक्तिवादाला उभ्या राहिल्या. पुढे त्या तिथेच न्यायाधीश झाल्या. घरभत्त्याची तक्रार करायला गेलेल्या बाईने अमेरिकेच्या समानतेच्या कायद्याला वळण दिलं. ही युद्धाची गोष्ट नाही म्हणावं, तर मग लष्कराचीही नाही का?

असे चित्रपट सैन्याची बदनामी करतात का?

लैंगिक अत्याचारांवरचे माहितीपट आले की हा सूर हमखास लागतो. माजी सैनिकांचं सरकारी खातंच सांगतं की उपचारांसाठी आलेल्या प्रत्येकाला याबद्दल विचारलं जातं, तेव्हा साधारण तीनपैकी एक स्त्री 'हो' म्हणते. पुरुषांत पन्नासात एक. खटला भरायचा की नाही हे पूर्वी वरिष्ठ अधिकारी ठरवत. २०२१च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने अशा गंभीर गुन्ह्यांत तो अधिकार स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला. पडद्यावर बोलायला पुढे आलेल्या स्त्रियांचा यात वाटा होता.

माझी तक्रार उलट बाजूने आहे. या विषयावरच्या बऱ्याच माहितीपटांना फक्त जखम हवी असते. मग वीस वर्षं भांडार सांभाळलेली, नोकरीवर मनापासून प्रेम करणारी, काहीच 'न घडलेली' बाई संकलनात गळते. आणि अत्याचार सोसलेली बाई गणवेशाचा अभिमानही सांगते, तेव्हा कथा बिघडते म्हणून तो भाग कापला जातो. तो बिघाडच ठेवायला हवा. शिवाय, लष्कराच्या मदतीने होणाऱ्या करमणूकप्रधान चित्रपटांची संहिता पेंटागॉन आधी वाचून घेतं, मगच विमानं आणि तळ वापरायला देतं. त्या चकचकीत चित्रपटांवर मात्र कुणी एकांगीपणाचा आरोप करत नाही.

कापलेलं कुठे जातं?

तासाभराच्या माहितीपटासाठी पन्नास-शंभर तासांचं चित्रण होणं नवलाचं नाही. उरलेलं विद्यापीठाच्या कचेरीत, कपाटात. आधी छोट्या कॅसेटी, मग हार्ड डिस्क. कॅसेट चालवणारी यंत्रं बाजारातून गेली, डिस्क न वापरताही मरते. जी आठवण कागदाने वगळली, आगीतून वाचली आणि शेवटी कुणीतरी ऐकली, ती अशी पडून पडून जाऊ शकते.

यावर एक पर्याय सरकारीच आहे. काँग्रेसने २०००मध्ये कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये माजी सैनिकांच्या आठवणींचा संग्रह सुरू केला. तिथे कुणीही मुलाखत पाठवू शकतं, प्राध्यापक असायची गरज नाही. अट साधी आहे: निदान तीस मिनिटं, सलग, न कापलेली. म्हणजे तिथे खोकला राहतो, पाण्याचा घोट राहतो, आणि "तसं मी काही फार केलं नाही" नंतरची चार सेकंदंही.